एकच गेम, ८६ पण आणि ५७ पण: गेमचं रेटिंग वाचायचं कसं?

एपिसोड ऐकायला वेळ नाही, किंवा दिवसाचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लिखित भाग. बोलताना जिथे अडखळलो ते गाळलंय, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.

आजचा विषय गेमचं रेटिंग. "दादा, हा गेम घेऊ का?" हा प्रश्न आणि त्याखाली एक स्क्रीनशॉट, हे आता सवयीचं झालंय. स्क्रीनशॉटमध्ये एक आकडा असतो. कधी ८४, कधी ४.३ स्टार, कधी '८७% पॉझिटिव्ह'. मोठ्या कंपनीचा नवा गेम आज चार-पाच हजारांना पडतो. कॉलेजात असाल तर दोन महिन्यांचा पॉकेटमनी त्यात जातो. फोनवरचा गेम फुकट मिळतो खरा, पण तो स्टोरेज खातो, झोप खातो आणि हळूच यूपीआयपर्यंत पोचतो. त्यामुळे तो आकडा नीट वाचता आला पाहिजे.

माझं म्हणणं आज एवढंच आहे. काट्यावर कांदे ठेवले की वजन येतं, तसं रेटिंग येत नाही. रेटिंग म्हणजे कुणीतरी कुठल्यातरी प्रश्नाला दिलेलं उत्तर. म्हणून आकडा दिसला की चार गोष्टी विचारायच्या: कशावर खेळला? कोणी मार्क दिले? नेमकं काय विचारलं होतं? आणि कधी? एकेक बघू.

कशावर खेळला?

१० डिसेंबर २०२०. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीचा 'सायबरपंक २०७७' रिलीज झाला. कित्येक वर्षं लोक त्याची वाट बघत होते. रिलीजच्या आधीच समीक्षकांचे रिव्ह्यू आले आणि मार्क तगडे होते. मेटाक्रिटिकवर आजही पीसी व्हर्जनला ८६ दिसतात.

आता गंमत बघा. समीक्षकांना रिलीजच्या आधी खेळायला दिलेली कॉपी फक्त पीसीची होती. शिवाय त्यांनी स्वतः खेळताना रेकॉर्ड केलेला व्हिडिओ रिव्ह्यूमध्ये दाखवायचा नाही, कंपनीने दिलेलाच वापरायचा, अशी अट होती. आणि गेम घेणाऱ्यांमध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन वापरणारे भरपूर होते. त्यांनी गेम लावला तर चेहरे धूसर, गाड्या हवेत, आणि मधेच गेम बंद. पीएस४ व्हर्जनचे मार्क शेवटी आले ५७. गेम तोच, नाव तेच, कव्हरही तेच!

आठवडाभरात सोनीने तो गेम आपल्या ऑनलाइन स्टोअरवरून काढला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. तो परत आला थेट जून २०२१ मध्ये. समीक्षकांच्या मार्कांची बेरीज करणाऱ्या ओपनक्रिटिकने तर आपल्या पानावर इशारा लावला होता की पीसीच्या रिव्ह्यूंवरून कन्सोलचा अंदाज बांधू नका.

इथे ८६ देणारे खोटं बोलत होते का? नाही. त्यांनी खेळलेला गेम ८६ चाच होता. ज्याने तो आकडा बघून आपल्या जुन्या कन्सोलसाठी पैसे मोजले, त्याच्या मशीनबद्दल तो आकडा काहीच सांगत नव्हता. म्हणून पहिला नियम: मार्क बघताना त्याच्या शेजारी प्लॅटफॉर्म काय लिहिलाय ते आधी बघा.

कोणी मार्क दिले?

आता हे मेटाक्रिटिक काय आहे? २००१ पासून चालू असलेली साइट. वेगवेगळ्या समीक्षकांचे मार्क गोळा करायचे, सगळे १०० पैकी करून घ्यायचे आणि सरासरी काढायची. त्या सरासरीला म्हणतात मेटास्कोर. पण ही आपली शाळेतली सरासरी नाही. काही प्रकाशनांच्या मताला जास्त वजन, काहींच्या कमी. कोणाला किती, ते मेटाक्रिटिक जाहीर करत नाही.

रंगांची पण एक भानगड आहे. गेमसाठी ७५ च्या पुढे हिरवा, ५० ते ७४ पिवळा, त्याखाली लाल. सिनेमाला मात्र ६१ लाच हिरवा मिळतो. म्हणजे ७० मार्कांचा सिनेमा 'चांगला' आणि ७० मार्कांचा गेम 'ठीकठाक'. का? कारण गेमचे मार्क मुळातच वर सरकलेले असतात. आपल्याकडे दहावीला ७० टक्के पडले की घरात शांतता पसरते, आणि इंजिनिअरिंगच्या सेमिस्टरला तेच ७० पडले तर पेढे वाटतात. आकडा एकच, पण परीक्षा वेगळी. गेमची समीक्षा ही दहावीची मार्कशीट आहे. तिथे ७ म्हणजे 'बरा आहे', ५ म्हणजे 'लांब राहा', आणि १ ते ४ फारसे कोणी वापरतच नाही.

म्हणूनच २०१४ मध्ये 'पोकेमॉन अल्फा सॅफायर'ला आयजीएनने १० पैकी ७.८ दिले तेव्हा चाहते खवळले होते. ७.८! पहिला वर्ग की! पण लोकांना तो अपमान वाटला. वर रिव्ह्यूच्या त्रुटींमध्ये लिहिलं होतं की गेममध्ये पाणी फार आहे. त्यावर आजही मीम्स फिरतात. पण रिव्ह्यू वाचला तर मुद्दा कळतो. नकाशाचा मोठा भाग समुद्र आहे, आणि तिथे फिरताना तेच तेच पोकेमॉन सारखे आडवे येतात. तुम्हाला त्याचा कंटाळा येईल की नाही, हे तुम्हीच ठरवू शकता. ७.८ वरून ते ठरत नाही, 'पाणी फार' यावरून ठरतं.

सरासरीची दुसरी अडचण गणिताची आहे. पाच जणांनी १० पैकी ७, ७, ७, ७, ७ दिले तर सरासरी ७. आता तिघांनी १० दिले आणि दोघांनी अडीच, तरी सरासरी ७ च! पहिला गेम कोणालाच फार आवडला नाही, कोणालाच नावडला नाही. दुसरा गेम तिघांच्या आयुष्यातला सर्वात भारी आणि दोघांना असह्य. सरासरीत दोन्ही सारखे दिसतात.

खरं उदाहरण देतो. २०१९ चा 'डेथ स्ट्रँडिंग', हिदेओ कोजिमा यांचा. उजाड डोंगरदऱ्यांतून पाठीवर सामान लादून ते पोचवायचं, हा गेम. तोल सांभाळायचा, नदी ओलांडायची, वाट शोधायची. जपानच्या फामित्सु मासिकात चार समीक्षक प्रत्येकी १० पैकी मार्क देतात. त्यांनी याला ४० पैकी ४० दिले. अमेरिकेच्या आयजीएनने ६.८ दिले. पीएस४ चा मेटास्कोर झाला ८२. या ८२ मध्ये ते भांडण कुठे दिसतंय का? आणि तुम्हाला निर्णय घ्यायला तर नेमकं ते भांडणच हवं असतं. संथ गेम आवडणाऱ्याने फामित्सुच्या बाजूला जावं, सतत मारामारी हवी असेल त्याने आयजीएनचं ऐकावं.

आणि 'कोणी' या प्रश्नात पैशाचा मुद्दा पण येतो. २००७ मध्ये गेमस्पॉट या साइटवर 'केन अँड लिंच' या गेमच्या मोठमोठ्या जाहिराती झळकत होत्या. त्याच वेळी तिथले समीक्षक जेफ गर्स्टमन यांनी त्या गेमला १० पैकी ६ दिले. थोड्याच दिवसांत त्यांची नोकरी गेली. २०१२ मध्ये त्यांनी उघडपणे सांगितलं की कमी मार्कांवरून जाहिरातदारांचा दबाव येत होता आणि त्यातून ते घडलं. याचा अर्थ सगळे समीक्षक विकलेले असतात असा काढू नका. गर्स्टमन यांनी तर ६ च दिले होते, नाही का? पण रिव्ह्यू देणाऱ्याचं पोट कशावर चालतं, हे माहीत असलेलं बरं. आपल्या यूट्यूबवरच्या 'प्रायोजित' व्हिडिओंनाही हेच लागू.

आकडा बनवणाऱ्यांच्या पोटावरही येतो. २०१० चा 'फॉलआउट: न्यू व्हेगास' ऑब्सिडियन स्टुडिओने बेथेस्डासाठी बनवला. ऑब्सिडियनचे ख्रिस अॅव्हलोन यांनी २०१२ मध्ये सांगितलं की करारात रॉयल्टी नव्हती. बोनस होता, पण मेटाक्रिटिकवर ८५ पडले तरच. पडले ८४. एका मार्काने बोनस गेला. आज तोच गेम त्या मालिकेतला सर्वात चांगला मानणारे ढिगाने सापडतील. मी स्वतः दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे हा किस्सा मला जरा जास्तच लागतो. वर्षभराचं काम आणि हिशोब एका मार्कावर!

नेमकं काय विचारलं होतं?

"मग समीक्षक सोडा, पब्लिकचं ऐका," असं तुम्ही म्हणाल. चला, पब्लिककडे जाऊ.

स्टीमवर गेमला मार्क देता येत नाहीत. फक्त अंगठा वर किंवा अंगठा खाली. म्हणजे प्रश्न असतो, "दुसऱ्याला सुचवाल का?" उत्तर हो किंवा नाही. '८७% पॉझिटिव्ह' याचा अर्थ १०० पैकी ८७ जणांनी हो म्हटलं. गेमला १०० पैकी ८७ मार्क पडले, असा त्याचा अर्थ होत नाही! समजा गेम सगळ्यांनाच 'चालेल की' असा वाटला, तर सगळे अंगठा वर करतील आणि गेम ९५% वर जाईल. आणि दहातल्या सात जणांना अफाट आवडलेला गेम ७०% वर अडकेल. त्यामुळे स्टीमच्या ९० ची मेटाक्रिटिकच्या ९० शी तुलना करू नका.

स्टीमचं एक चांगलं आहे. तिथे रिव्ह्यू लिहायला गेम तुमच्या अकाउंटवर असावा लागतो, आणि किती तास खेळलात तेही नावापुढे दिसतं. अर्ध्या तासात अंगठा खाली आणि चारशे तासांनी अंगठा खाली, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिल्याला गेम चाललाच नसेल. दुसऱ्याचं बहुतेक नव्या अपडेटवरून बिनसलंय.

पण पब्लिक कधीकधी गेमबद्दल बोलतच नसते. जून २०२० मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' आला. समीक्षकांचे मार्क ९३. मेटाक्रिटिकवरचा वापरकर्त्यांचा स्कोर मात्र काही तासांतच १० पैकी चारच्याही खाली. गेम संपवायला वीस-पंचवीस तास लागतात! म्हणजे बऱ्याच जणांनी न संपवताच, कथेतल्या एका वळणाच्या आणि पात्रांच्या रागातून शून्य टाकले. याला म्हणतात रिव्ह्यू बॉम्बिंग. त्यानंतर मेटाक्रिटिकने नियम केला की गेम आल्यावर पहिले ३६ तास वापरकर्त्यांना मार्क देता येणार नाहीत.

दुसरी बाजू पण ऐका. मे २०२४ मध्ये सोनीने जाहीर केलं की 'हेलडायव्हर्स २' पीसीवर खेळायचा तर प्लेस्टेशन नेटवर्कचं अकाउंट जोडावंच लागेल. अनेक देशांत ते अकाउंट काढायची सोयच नव्हती, आणि तिथे गेम विकून झाला होता. लोकांनी दोन-तीन दिवसांत स्टीमवर दोन लाखांच्या वर नकारात्मक रिव्ह्यू टाकले. सोनीने निर्णय मागे घेतला. गेम आदल्या दिवशी जसा होता तसाच होता. तो आकडा म्हणजे मोर्चा होता, आणि मागणी रास्त होती. त्यामुळे आलेख एकदम कोसळलेला दिसला की 'गेम वाईट' म्हणून पुढे जाऊ नका. त्या तारखेला काय झालं ते शोधा. स्टीमवर महिन्यांप्रमाणे आलेख दिसतो, दोन मिनिटांचं काम आहे.

कधी?

सिनेमा रिलीज झाला की झाला. गेम मात्र बदलत राहतो. ऑगस्ट २०१६ मध्ये इंग्लंडच्या हॅलो गेम्सचा 'नो मॅन्स स्काय' आला. अफाट विश्व, अगणित ग्रह, अशी हवा होती. पहिल्याच दिवशी दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर एकाच जागी पोचले आणि एकमेकांना दिसलेच नाहीत. लोक प्रचंड चिडले. पण त्या छोट्या टीमने गेम सोडला नाही. वर्षानुवर्षं फुकट अपडेट दिले, २०१८ मध्ये व्यवस्थित मल्टिप्लेअर आणलं. २०२४ च्या अखेरीस स्टीमवर त्याचा एकूण शेरा 'व्हेरी पॉझिटिव्ह' झाला.

पण मेटाक्रिटिकवर? पीएस४ ला तेच ७१. कारण मेटाक्रिटिक प्रत्येक प्रकाशनाचा पहिला स्कोरच धरतं. तो २०१६ चा फोटो आहे, आणि माणूस मोठा झाला तरी फोटो तसाच राहतो. म्हणून जुना गेम घेताना 'अलीकडचे रिव्ह्यू' बघा. स्टीमवर गेल्या ३० दिवसांचा शेरा वेगळा दिसतो.

आता आपला फोन

प्ले स्टोअरच्या स्टारला हेच चार प्रश्न विचारू.

तुम्हाला दिसणारे स्टार तुमच्या देशातल्या लोकांचे असतात. आणि ती सरळ सरासरीही नाही. २०१९ पासून गूगल अलीकडच्या रेटिंगला जास्त वजन देतं. ही सोय चांगली आहे, कारण तीन वर्षांपूर्वीचा बग आता नसेल.

पण ते स्टार विचारले कधी गेले? आठवून बघा. लेव्हल जिंकली, फटाके फुटले, नाणी उडाली, आणि नेमकी तेव्हाच खिडकी उघडते: 'गेम आवडला? रेटिंग द्या.' हरल्यावर कधी उघडते का? ती खिडकी कुठल्या क्षणी उघडायची हे कोडमध्ये एका ओळीचं काम असतं, आणि ती ओळ कुठे टाकायची हे विचार करूनच ठरतं. ॲपल तर एका ॲपला वर्षातून तीनदाच ती खिडकी दाखवू देतं, म्हणजे तो क्षण अजूनच निवडून ठेवलेला. थोडक्यात, ४.५ स्टारमधले बरेच स्टार 'आत्ताच जिंकलो' या आनंदाचे आहेत.

उलट दिशेनेही होतं. मे २०२० आठवतोय? यूट्यूब विरुद्ध टिकटॉक हे भांडण पेटलं आणि प्ले स्टोअरवर टिकटॉकचं रेटिंग दीड स्टारच्याही खाली गेलं. ॲप तेच होतं. गूगलने लाखो रिव्ह्यू उडवले आणि रेटिंग परत वर आलं. गेमला पण हे कधीही होऊ शकतं.

म्हणून फोनवर स्टार बघून थांबू नका. आधी नावाखालच्या दोन बारीक ओळी वाचा: जाहिराती आहेत का, इन-ॲप खरेदी आहे का. मग रिव्ह्यू 'सर्वात नवीन' लावा आणि २-३ स्टारवाले वाचा. पाच स्टारवाला 'नाइस गेम' लिहून जातो, एक स्टारवाला शिव्या देतो. मधला माणूस सांगतो की गेम छान आहे, पण विसाव्या लेव्हलनंतर पैसे टाकल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्या कामाची ओळ ती.

पुण्याचा एक गेम

शेवटी घरचं उदाहरण. 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा गेम, २०२० मध्ये आला. किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली होती, ती पुरी झाली नाही, तरी टीमने गेम पूर्ण केला. राजी नावाची मुलगी आपल्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगतात. राजस्थानी महाल, सावल्यांच्या बाहुल्यांसारखे प्रसंग, हातात त्रिशूळ. 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकन मिळालं.

मेटाक्रिटिकवर मात्र तो पिवळ्या पट्ट्यात बसला. नुसता रंग बघितला तर 'ठीकठाक' म्हणून पुढे जाल. रिव्ह्यू वाचले तर चित्र स्पष्ट होतं. दृश्यं, संगीत आणि वातावरणाचं कौतुक, मारामारी जरा अडखळणारी, लांबी पाच-सहा तास, आणि शेवट अचानक. आता ठरवा. ज्याला पन्नास तासांचा गेम हवा त्याच्यासाठी हा नाही. ज्याला एका शनिवार-रविवारात आपल्या गोष्टींचं जग बघायचंय, त्याच्यासाठी तो पिवळा आकडा खूपच कमी आहे. 'आपला आहे म्हणून चांगला' असंही म्हणायची गरज नाही. त्रुटी खऱ्या आहेत, त्या तुम्हाला किती खुपतील एवढाच प्रश्न आहे.

तर मंडळी, पैसे द्यायच्या आधी पाच मिनिटं द्या. प्लॅटफॉर्म बघा, तारीख बघा, सर्वात जास्त आणि सर्वात कमी मार्क देणारा एकेक रिव्ह्यू वाचा, आणि न कापलेला दहा मिनिटांचा गेमप्ले बघा. स्टीमवर घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात, तेही लक्षात असू द्या. एखादा समीक्षक असा शोधून ठेवा ज्याची आवड तुम्हाला माहीत आहे. तुमच्याशी जुळलीच पाहिजे असं नाही. ज्याचं मत नेहमी तुमच्या उलट असतं, तोही तितकाच कामाचा!

आणि तुम्ही स्वतः रेटिंग द्याल तेव्हा दोन ओळी लिहा: कुठल्या फोनवर, किती तास खेळून, काय आवडलं, काय खटकलं. तुमच्यानंतर येणाऱ्याला तुमच्या स्टारपेक्षा त्या दोन ओळी उपयोगी पडतील. मराठीत लिहिल्या तर अजून छान.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत खेळत राहा, आणि रात्री वेळेत झोपा रे!